एअर गनचं वाकलेलं बॅरल घरच्या घरी सरळ करताना

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे ठाण्यात वर्तकनगरला आला होता. मी अंघोळीला गेलो आणि त्याने कपाटामागची एअर गन काढली. बॅरल (म्हणजे नळी) छर्रा भरताना दुमडतात तसं खाली मोडलं, छर्रा काही घातला नाही, आणि बॅरल तसंच लोंबत असताना चाप ओढला. बाथरूममध्येसुद्धा ऐकू आला असा फाडकन आवाज झाला. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर पोरगा भिंतीला चिकटून उभा. "मामा, मी नुसतं बघत होतो." आधी त्याची बोटं मोजली. दहाच्या दहा होती. मग बंदूक पाहिली.

हा लेख त्यानंतरच्या दोन संध्याकाळींचा आहे. मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला फिटर म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे लोखंड वाकवणं-सरळ करणं अंगवळणी पडलेलं. पण हे काम करायला फिटर असावं लागतं असं नाही. मोजायचा कंटाळा नसला की झालं. काम दोन तासांचं असेल, तर त्यातली पावणेदोन तास मोजणी आहे.

लेख फक्त मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअर गनबद्दल आहे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना 'रुद्रांक्षची गन' हवी असते. ती गन वेगळी. तिचं बॅरल पक्कं बसवलेलं असतं आणि खाली दाबलेल्या हवेचा सिलिंडर असतो, साधारण २०० बारचा. असली गन घरी उघडायला जाऊ नका. बॅरल काय, एक स्क्रूसुद्धा नको.

वाकतं कसं

बॅरल मोडलं की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि चापात अडकते. चाप ओढल्यावर ती सुटते. बॅरल बंद असेल तर तिचा जोर पिस्टनमार्फत हवेवर जातो. बॅरल उघडं असेल तर तोच पिस्टन बॅरल मोडायच्या दांड्याला ओढून घेतो आणि बॅरल डोळ्याचं पातं लवायच्या आत वर येऊन आदळतं. मागचा चौकोनी ठोकळा, ज्याला ब्रीच म्हणतात, तो जागेवर थांबतो. पुढची दीड फुटी नळी मात्र वेगात असते, तिला अजून वर जायचं असतं. म्हणून वाक जवळजवळ नेहमी ठोकळ्याच्या पुढे दोन-चार सेंटिमीटरवर येतो आणि तोंड वर जातं. काही बंदुकांत बॅरल उघडं असताना चाप ओढलाच जात नाही अशी सोय असते. माझ्या जुन्या बंदुकीत ती नाही. तुमच्या बंदुकीत आहे की नाही हे चाप ओढून तपासू नका, पुस्तिकेत बघा.

दुसरा प्रकार म्हणजे बंदूक पडणं, किंवा दाराच्या फटीत नळी सापडणं. तेव्हा वाक आडवा येऊ शकतो. रीत तीच, फक्त दिशा वेगळी.

खरंच वाकलंय का

माझ्याकडे 'बॅरल वाकलंय' म्हणून आलेल्या बंदुकांपैकी निम्म्यांची बॅरलं सरळ होती. दस्त्याचे स्क्रू ढिले, स्कोपचे माउंट सरकलेले, नाहीतर बॅरलच्या खिळीत, म्हणजे बॅरल ज्या बोल्टवर मोडतं तिथे, खुळखुळ. म्हणून आधी या गोष्टी बघा. बंदूक रिकामी आहे, कॉक केलेली (स्प्रिंग दाबून अडकवलेली) नाही याची खात्री करा. बॅरल हातात धरून डावी-उजवीकडे हलवा. हलत असेल तर खिळीचा बोल्ट आवळा आणि पुन्हा नेम तपासा. बॅरल बंद केल्यावर प्रत्येक वेळी एकाच जागी बसतं का, ठोकळ्याच्या मागचं सील फुगून वर आलंय का, तेही बघा. सील जाड असलं की ठोकळा पूर्ण बसत नाही आणि नेम हलतो. त्याला बॅरल जबाबदार नाही.

आता एक गंमत, जी मलाही दुसऱ्या-तिसऱ्या बंदुकीनंतर उमगली. तुमची नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी दोन्ही बॅरलवरच असतील, तर बॅरल वाकल्यावर माशीसुद्धा वर जाते. नेमाची रेषा बॅरलबरोबर फिरते. त्यामुळे छर्रा फार चुकत नाही आणि लोक वाकलेल्या बॅरलने महिनोन्महिने खेळत राहतात. फक्त गाल दस्त्यावर नेहमीसारखा टेकला की माशी खाचेच्या वर दिसते. स्कोप मात्र मागच्या सिलिंडरवर असतो. तो जागेवर आणि बॅरल वर, म्हणजे छर्रा सगळी चूक दाखवतो. तेव्हा स्कोप असेल तर स्कोपनेच तपासा.

माझी बंदूक काल-परवापर्यंत नेमात होती. भाच्याच्या उद्योगानंतर ७ मीटरवर पाच छर्रे मारले, पाचही ९ सेंटिमीटर वर. डावी-उजवीकडे काहीच फरक नाही. हे वाकलेल्या बॅरलचं लक्षण.

७ मीटर हा आमच्या घराचा आकडा आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून मुख्य दारापर्यंत तेवढंच होतं, १० मीटर बसवायला शेजाऱ्यांची भिंत पाडावी लागेल. घरात मारणार असाल तर दार आतून बंद, घरात दुसरं कुणी नाही, डोळ्यांवर चष्मा. समोर लाकडी खोका, त्यात रद्दी ठासून भरलेली आणि मागे ३ मिलिमीटरचा पत्रा. बाल्कनीतून, गच्चीवरून किंवा आवारात मारायचं नाही, 'फक्त एक' म्हणूनसुद्धा नाही. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर गनला शस्त्रपरवाना लागत नाही, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. आणि कबुतरं, कावळे, खाडीतले फ्लेमिंगो हे लक्ष्य नाही. तो गुन्हा आहे.

आकडा काढा

किती वाकलंय हे छर्ऱ्यावरून निघतं. छर्रा जितका वर गेला, त्याला अंतराने भागा आणि वाकापासून तोंडापर्यंतच्या लांबीने गुणा. माझं ९० मिलिमीटर, भागिले ७००० मिलिमीटर, गुणिले ३८० मिलिमीटर. उत्तर पाचला थोडं कमी. म्हणजे बॅरलचं तोंड जवळपास ५ मिलिमीटर वर गेलंय. डोळ्याला हे सहज दिसतं, एकदा कळलं की.

इथे थोडं थांबून विचार करा. हेच उत्तर एक मिलिमीटर आलं असतं, तर मी बॅरलला हात लावला नसता. स्कोपची चक्री फिरवली असती, फार तर स्कोपच्या पुढच्या रिंगखाली कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून ठेवला असता. जरासं वाकलेलं बॅरल छर्रा तितकाच एकसारखा मारतं, छर्रा तोंडाशी ज्या दिशेला निघतो त्या दिशेला जातो. शिवाय अनेक मोडत्या एअर गनची बॅरलं कारखान्यातूनच किंचित खाली झुकलेली येतात. ती सरळ करायच्या भानगडीत पडू नका. सरळपणाचा हट्ट एवढाच धरा की नेम स्कोपच्या आवाक्यात यावा.

आणि 'वाकवून सरळ केलेलं बॅरल म्हणजे तडजोड' असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. बंदुकांच्या कारखान्यांत बॅरल सरळ करणं हे रोजचं काम आहे. नळीला भोक पाडून झालं की ती थोडी तरी वाकडी निघतेच, मग कारागीर नळीतून उजेडाकडे बघत बघत दाब देतो.

काय काय लागेल

दोन फूट लांबीचं ४ इंची सी चॅनल, भंगारवाल्याकडे मिळतं. वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत तुर्भे, रबाळ्याच्या एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे तुकडा मागा, चहाच्या पैशात देतील. ६ इंची जी क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा), चांगल्या प्रतीचा. रस्त्यावर मिळणारा बिडाचा स्वस्त क्लॅम्प नको, इथे दोनेकशे किलोंचा जोर लागणार आहे आणि तो फुटला तर तोंडावर येईल. बाभळीचे किंवा सागाचे तीन ठोकळे: एक सपाट, एक व्ही आकाराच्या खाचेचा, आणि एक लहान, ज्याला नळीच्या गोलाईची खाच आहे. जुन्या पट्ट्याचं चामडं. ६०० मिलिमीटरची स्टीलची पट्टी. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, जो मोटारसायकलवाल्याकडे असतो. खडू, वही, पेन्सिल.

डायल गेज (काट्यावर बारीक फरक दाखवणारं मोजमापाचं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

बॅरल सोडवणं

दस्ता निघतो तीन-चार स्क्रूंवर: पुढे दोन्ही बाजूंना एकेक आणि चापाच्या कडीजवळ एखाद-दुसरा. पेचकस स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा घ्या, नाहीतर डोकी खराब होतात आणि मग ती बंदूक आयुष्यभर 'कुणीतरी उघडलेली' दिसते. दस्ता निघाला की सिलिंडर, चाप आणि बॅरल एकत्र हातात येतात.

सिलिंडरच्या मागच्या टोकाला हात लावायचा नाही. तिथे स्प्रिंग दाबून बसवलेली असते, कॉक केलेली नसतानासुद्धा. ती सुटली तर पंख्याला जाऊन लागते. आपल्याला फक्त खिळीचा बोल्ट काढायचाय. बोल्ट काढताना दोन्ही बाजूंच्या पातळ वॉशर कुठे होत्या ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्या सारख्या जाडीच्या असतीलच असं नाही. डावीची उजवीकडे गेली तर बॅरल तिरकं बसेल आणि तुम्ही पुन्हा त्यालाच दोष द्याल. बॅरल मोडायचा दांडा एका पिनेवर असतो, तोही सोडवा. मग माशी आणि मागची खाच उतरवा.

आता पहिल्यांदाच तुम्हाला नळीतून बघता येतं. बंदुकीला जोडलेल्या बॅरलमधून कधीही बघायचं नाही, रिकामी आहे म्हणून शपथ घेतली असली तरी. सुटलेलं बॅरल खिडकीकडे धरा. आमच्या इमारतीत प्रत्येक खिडकीला बॉक्स ग्रिल आहे, तिचा आडवा गज इथे कामाला येतो. ब्रीचच्या बाजूने डोळा लावून तोंड त्या गजाकडे केलं की नळीच्या आतल्या चकचकीत भिंतीवर गजाची सावली रेघेसारखी पडते. बॅरल हळूहळू फिरवा. सरळ नळीत ती रेघ सरळ राहते. वाकलेल्या नळीत एका जागी तिला कोपर येतं. माझ्या बॅरलमध्ये ते कोपर अगदी डोळ्याजवळ होतं, आणि नळीच्या शेवटचा उजेडाचा गोल मध्यावर नव्हता. ग्रहणातल्या चंद्रासारखी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक अशी कड दिसत होती.

बारकाईने ठोकळ्याच्या पुढचा भाग बाहेरूनही पाहा. तिथे सुरकुती, फुगवटा किंवा केसाएवढी चीर असेल तर इथेच थांबा, नवीन बॅरल घ्या. नळी ठोकळ्यात हलत असेल तरीही तेच. आणि हल्ली काही बंदुकांत बाहेरून जाड दिसणारं बॅरल म्हणजे प्लास्टिकचं आवरण आणि आत पेन्सिलीएवढी पोलादी नळी असते. ती क्लॅम्पला घालू नका.

फटीचा हिशेब

पट्टीची कड बॅरलच्या वरच्या बाजूला लांबीने ठेवा, एक टोक ठोकळ्याला लागून, दुसरं तोंडाशी. तोंड वर गेलंय म्हणजे वरची बाजू खोलगट झालीय, तेव्हा पट्टीखाली फट दिसेल. फिलर गेजची पाती घालून ती मोजा. माझ्याकडे वाकाच्या जागी ०.४५ मिलिमीटरची पाती गेली, ०.५० ची अडली. तोंडाशी पाच मिलिमीटर आणि इथे फक्त अर्धा, कारण वाक एका टोकाजवळ आहे. घाबरू नका, हिशेब जुळतो.

मग तीच पट्टी डाव्या आणि उजव्या बाजूला लावा. बॅरल पुढे निमुळतं असेल किंवा पॉलिश करताना खालीवर झालं असेल, तर बाजूलाही थोडी फट दिसते. ती फट म्हणजे तुमचा शून्य. माझ्या बॅरलला बाजूंवर ०.०५ होती. म्हणजे वरची फट ०.४५ वरून ०.०५ पर्यंत आणायची, शून्यावर नाही.

हा आकडा वहीत लिहा. वाकाची नेमकी जागा खडूने गोल करा.

दाब

बॅरल उलटं करा, वरची बाजू खाली. फुगलेली बाजू आता वर आली. चॅनलवर सपाट ठोकळा ठेवून त्यावर ब्रीच टेकवा, आणि वाकापासून साधारण २० सेंटिमीटर पुढे व्ही खाचेचा ठोकळा चामड्यासकट नळीखाली द्या. तोंडाशी आधार नको. अनेक बॅरलांत शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर भोक किंचित आवळलेलं असतं, ते चेंगरू नये. वाकावर गोल खाचेचा लहान ठोकळा चामडं घालून ठेवा, त्यावर जी क्लॅम्प. क्लॅम्पचं दुसरं टोक चॅनलखाली.

तीन जागी आधार-दाब असला की सगळ्यात जास्त ताण मधल्या दाबाखालीच येतो, म्हणून बॅरल तिथेच वळतं. हेच हवंय. आमच्या इमारतीतले एक काका झाडाच्या बेचक्यात नळी घालून ओढायचा सल्ला देतात, त्यांच्या गावी म्हणे असंच करायचे. होतं सरळ, पण वळण कुठे येईल ते झाड ठरवतं. एका जागी वाकलेली नळी दुसऱ्या जागी उलटी वाकवली की बाहेरून सरळ दिसते आणि आतून एस होते. हातोडीबद्दल तर बोलायलाच नको. तापवणंही नको. ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) जातं, कुठे झाळ असेल तर ती सुटते, आणि पोलादाचा ताव बिघडतो. थंड बॅरल, सावकाश स्क्रू.

क्लॅम्प नुसता टेकला की त्याच्या दांड्यावर खडूने खूण करा. ही खूण एकदाच. माझ्या क्लॅम्पचा एक पूर्ण फेरा म्हणजे २ मिलिमीटर, तुमचा मोजून घ्या. पाव फेरा अर्धा मिलिमीटर.

पहिल्यांदा १ मिलिमीटर दाबलं, सोडलं, काढून मोजलं. फट ०.४५. काहीच झालं नाही, आणि होणारही नव्हतं. पोलाद आधी रबरासारखं परत येतं. एवढ्या जाडीच्या नळीत, एवढ्या अंतरावर, साधारण सव्वा मिलिमीटरपर्यंत ते सगळं परत करतं. शिवाय लाकडाचे ठोकळेही दबतात. म्हणून क्लॅम्पचे फेरे हा फक्त अंदाज, खरं बोलते ती पट्टीखालची पाती.

दीड मिलिमीटर: ०.४५. इथे नवशिका चिडतो आणि एकदम पूर्ण फेरा देतो. नका देऊ. पावणेदोन: ०.४०. हललं. इथून पुढे मामला बदलतो, कारण आता जेवढं जास्त दाबाल त्यातलं बहुतेक बॅरल ठेवून घेतं. दोन मिलिमीटर: ०.२५. त्या रात्री मी तिथेच सोडलं. बायकोला ओटा हवा होता हे एक कारण, आणि हात सैल पडला की शेवटचा दाब जास्त जातो हे दुसरं.

दुसऱ्या संध्याकाळी सव्वादोनला ०.१० आली. मग एक-एक चुटपुटता दाब, फेऱ्याचा विसावा-तिसावा भाग, आणि दर वेळी सोडून, काढून, मोजून. दोन वेळा काहीच नाही, तिसऱ्या वेळी ०.०५ ची पाती चिकटून गेली. खिडकीच्या गजाची सावली पाहिली. कोपर गेलं होतं.

एकूण आठ दाब. मोजणी धरून दोन्ही दिवस मिळून अडीच तास.

समजा दाब जास्त गेला आणि बॅरल दुसऱ्या बाजूला वाकलं. बॅरल फिरवून परत आणता येतं, पण लक्षात ठेवा, एका बाजूला वळलेलं लोखंड उलट दाबाला आधीपेक्षा लवकर मानतं. पहिल्या वेळचे आकडे वापराल तर पुन्हा पलीकडे जाल. निम्म्यापासून सुरू करा. आणि ही ये-जा दोन-तीनदाच. तारेचा तुकडा पुढे-मागे वाकवून तोडतो तसंच हे आहे, फक्त जास्त सहन करणारं.

हे सगळं वाचून हात थरथरत असतील तर फक्त बॅरल घेऊन एखाद्या टूलरूमवाल्याकडे जा. त्याच्याकडे पोलादी व्ही ब्लॉक, हँड प्रेस आणि डायल गेज असतं, अर्ध्या तासाचं काम. बॅरल कापडात गुंडाळून पिशवीत, आणि बंदुकीची पावती सोबत. एका मित्राने अख्खी बंदूक खांद्यावर टाकून शेअर रिक्षा पकडली होती. रिक्षावाल्याने त्याला वर्कशॉपऐवजी सरळ चौकीवर नेलं, आणि मला रिक्षावाल्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

परत जोडणी

खिळीला आणि वॉशरला मोलिब्डेनमचं ग्रीस, अगदी बोटाच्या टोकाएवढं. बोल्ट आवळा. योग्य आवळलाय का हे तपासायला बंदूक कॉक करू नका. दस्त्याशिवाय, दांडा अजून जोडलेला नसताना, बॅरल अर्धवट मोडून सोडून द्या. ते जिथे सोडलं तिथेच राहायला हवं. स्वतःच्या वजनाने पडलं तर ढिलं, हाताने ढकलायला त्रास झाला तर फार घट्ट.

क्लॅम्पच्या जागी ब्लूइंग थोडं उतरलं असेल. शिलाई मशीनचं तेल कापडावर घेऊन पुसा. ठाण्याच्या पावसाळ्यात उघडं पोलाद दोन दिवसांत तांबूस होतं. पण नळीत किंवा ब्रीचमागच्या हवेच्या भोकात तेल ओतायचं नाही. स्प्रिंग सुटताना आतली हवा इतकी तापते की तेल पेट घेतं, धूर येतो, कडाडतं, आणि सील जळतं. खोबरेल तर अजिबातच नको. ते थंडीत गोठतं, एरवी चिकट होतं, आणि त्या वासाने मुंग्या येतात. हे ऐकीव नाही.

सील हवा सोडतंय का हे बघायला ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवून एक छर्रा मारा. पट्टी उडाली तर सील बदला. छर्ऱ्याशिवाय चाप ओढून ही तपासणी करू नका, पिस्टन समोर आपटतो.

पहिले दहा-पंधरा छर्रे नेमाकडे न बघता मारा, सगळं आपापल्या जागी बसू दे. मग दस्त्याचे स्क्रू पुन्हा एकदा हलकेच आवळा आणि पाच मोजून मारा. माझे पाचही एका रुपयाच्या नाण्यात आले, मूळ नेमापेक्षा साधारण ८ मिलिमीटर वर. ते स्कोपच्या चक्रीने उतरवले. छर्रे शिशाचे असतात, जेवायला बसण्याआधी हात साबणाने धुवा.

दोनेक आठवड्यांनी पुन्हा एकदा ७ मीटरवर पाच मारून पाहा आणि पट्टी लावा. माझी फट ०.०५ वरच आहे. भाचा दिवाळीत परत आला. बंदूक त्याच्या हातात दिली, पण आधी एक गोष्ट शिकवली: डाव्या हाताने बॅरल घट्ट धरायचं, छर्रा बसवून ते बंद होईपर्यंत सोडायचं नाही, आणि तोवर उजवा हात दस्त्यावर, बोट चापाच्या कडीबाहेर. त्याने पन्नास वेळा केलं. एक्कावन्नाव्या वेळी मी मागून "चहा घेतोस का रे?" म्हणून ओरडलो. डावा हात सुटला नाही.